हार्ट अटॅकनंतर ईसीजीची पट्टी काय सांगते? कुरखेड्यासारख्या तालुक्यातील कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

घरात कोणाला हार्ट अटॅक येऊन गेला की घरच्यांचे दोन प्रश्न असतात. जिवाचा धोका टळला का? आणि दिलाचे किती नुकसान झाले? दोन्ही प्रश्नांच्या उत्तराची सुरुवात एका चौकटीच्या गुलाबी कागदापासून होते. त्याला ईसीजी म्हणतात. आपल्याकडे कोणी कार्डिओग्राम म्हणतो, कोणी नुसतेच 'पट्टी काढली' म्हणतो. पट्टी वाचणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते त्यांच्यावरच सोडावे. पण त्या रेषा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, एवढे प्रत्येक घराला माहीत असायला हवे. मोठे हॉस्पिटल तीन-साडेतीन तासांवर असलेल्या आपल्या भागात तर ते फारच गरजेचे आहे.

ईसीजी म्हणजे नेमके काय?

हृदय हा स्नायूचा पंप आहे. प्रत्येक ठोक्याआधी त्यातून विजेची एक अगदी बारीक लहर जाते आणि मग स्नायू आकुंचन पावतो. ही लहर त्वचेवरूनही पकडता येते. ईसीजी मशीन तेवढेच करते. मशीन शरीरात करंट सोडत नाही, शरीरातला करंट फक्त मोजते. त्यामुळे ईसीजी काढल्याने शॉक बसतो किंवा अशक्तपणा येतो, ही भीती मनातून काढून टाकावी.

नेदरलँड्समधील लायडनचे शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र उपयोगात आणले. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पट्टीवरच्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे त्यांनीच दिली. ती आजही तशीच चालू आहेत.

- पी लाट : हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याआधीची लहर.
- क्यूआरएस : खालच्या दोन मोठ्या कप्प्यांची लहर. पट्टीवर उंच टोकदार दिसते ती हीच.
- टी लाट : ठोक्यानंतर खालचे कप्पे पुन्हा पूर्वस्थितीत येतात तेव्हाची लाट.
- एसटी भाग : क्यूआरएस संपल्यापासून टी सुरू होईपर्यंतची रेषा. निरोगी माणसात ती साधारण सपाट असते. हार्ट अटॅकच्या निदानात सगळ्यात आधी इकडे बघतात.

कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. लहान चौकट १ मिलिमीटरची, म्हणजे ०.०४ सेकंद. पाच लहान चौकटींची एक मोठी, म्हणजे ०.२ सेकंद. उभ्या दिशेने १० मिलिमीटर म्हणजे १ मिलिव्होल्ट. मुलांच्या आलेखवहीसारखेच हे आहे. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला विजेची ताकद.

हातापायांना चार आणि छातीवर सहा, अशा दहा वायर लावतात. त्यातून हृदयाची बारा बाजूंनी 'चित्रे' मिळतात. त्यांना लीड म्हणतात. एखादे घर पूर्ण बघायचे तर चारही बाजूंनी फिरून बघावे लागते, तसेच हे.

अटॅकमध्ये आत काय घडते?

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते कोरोनरी नावाच्या नळ्यांतून येते. या नळीच्या आत चरबीचा थर साचलेला असतो. तो थर फाटला की त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि नळी बंद पडते. पुढच्या स्नायूचे रक्त तुटते. थोड्या वेळात नळी उघडली तर स्नायू वाचतो. उशीर झाला तर तो भाग मरतो आणि त्या जागी व्रण तयार होतो. व्रण आकुंचन पावत नाही आणि त्यातून वीजही नीट जात नाही. म्हणूनच नुकसानीची खूण ईसीजीवर उमटते.

पट्टीवरच्या बदलांचा क्रम

नळी पूर्ण बंद झाली की पट्टीवर सहसा या क्रमाने बदल दिसतात. प्रत्येक पेशंटमध्ये सगळे टप्पे दिसतीलच असे नाही.

१. पहिल्या काही मिनिटांत : टी लाट उंच आणि रुंद होते. हा टप्पा फार थोडा वेळ टिकतो, म्हणून बऱ्याचदा हुकतो.

२. मिनिटे ते तास : एसटी रेषा वर उचलली जाते. अमेरिकी डॉक्टर हॅरोल्ड पार्डी यांनी १९२० मध्ये अटॅकच्या पेशंटमधील हा बदल नोंदवला. शेजारच्या दोन लीडमध्ये एसटी ठरावीक मापापेक्षा वर असेल तर त्या अटॅकला 'स्टेमी' म्हणतात. बहुतेक लीडमध्ये हे माप १ मिलिमीटर आहे. छातीच्या व्ही२ आणि व्ही३ लीडमध्ये ते वेगळे आहे : चाळिशीपुढच्या पुरुषांत २ मिलिमीटर, चाळिशीआतल्या पुरुषांत २.५ आणि स्त्रियांत १.५. स्टेमीचा साधा अर्थ असा की नळी बहुधा पूर्ण बंद आहे आणि एकेक मिनिट मोलाचे आहे.

३. तास ते दिवस : क्यू लाट खोल आणि रुंद होते, आर लाट लहान होते. स्नायूचा तो भाग विजेला 'मुका' होऊ लागल्याची ही खूण.

४. पुढचे दिवस : एसटी हळूहळू खाली येते आणि टी लाट उलटी होते.

५. आठवडे, महिने, वर्षे : एसटी सपाट होते. टी लाट सरळ होते किंवा उलटीच राहते. क्यू लाट मात्र बहुधा कायम राहते. काहींमध्ये ती काळाने पुसट होते.

एसटी वर असणे म्हणजे 'आत्ता आग लागली आहे'. क्यू लाट म्हणजे 'इथे आग लागून गेली आहे'. दोन्हींचा अर्थ वेगळा, इलाजही वेगळा.

कोणत्या लीडवरून कोणता भाग कळतो?

- व्ही१ ते व्ही४ : हृदयाची पुढची भिंत आणि मधला पडदा. इथली नळी मोठ्या भागाला रक्त देते, म्हणून इथल्या अटॅकमध्ये पंप जास्त कमजोर होण्याचा धोका असतो.
- दोन, तीन आणि एव्हीएफ : खालची भिंत. बहुतेक वेळा उजवी कोरोनरी नळी बंद असते. यात ठोके मंद होणे, मळमळ, घाम हे जास्त दिसते.
- एक, एव्हीएल, व्ही५, व्ही६ : डाव्या बाजूची भिंत.
- मागची भिंत : नेहमीच्या बारा लीडमध्ये ती सरळ दिसत नाही. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली गेलेली दिसली तर डॉक्टर पाठीवर वायर लावून व्ही७ ते व्ही९ लीड काढतात.
- उजवा कप्पा : खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये छातीच्या उजव्या बाजूलाही लीड काढतात. उजव्या कप्प्याला मार बसला असेल तर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटसारख्या गोळीने बीपी एकदम पडू शकतो. म्हणून शेजारच्याने दिली, कपाटात होती, म्हणून ही गोळी आपल्या मनाने देऊ नये.

नुकसान किती झाले, हे पट्टीवरून कळते का?

अंदाज येतो, पक्के माप मिळत नाही. डॉक्टर साधारण या गोष्टी बघतात.

क्यू लाट किती लीडमध्ये आहे? जितक्या जास्त लीडमध्ये, तितका व्रण सहसा मोठा. सामान्यतः ०.०४ सेकंद म्हणजे एका लहान चौकटीएवढी रुंद किंवा आर लाटेच्या चौथ्या हिश्शाहून खोल क्यू लाट संशयास्पद मानतात. तिसऱ्या लीडमध्ये एकटीच क्यू लाट निरोगी माणसातही दिसू शकते. त्यामुळे मोबाइलवर फोटो बघून घरच्यांनी निष्कर्ष काढू नये.

आर लाट वाढते का? निरोगी माणसात व्ही१ पासून व्ही४-व्ही५ पर्यंत आर लाट उंच होत जाते. पुढची भिंत मेली तर ती वाढत नाही.

क्यूआरएसमध्ये खाचा आहेत का? व्रणातून वीज वाट शोधत, अडखळत जाते. त्यामुळे टोकदार लाटेत खाचा पडतात.

एसटी आठवड्यांनंतरही वरच आहे का? मेलेली भिंत पातळ होऊन फुग्यासारखी बाहेर आल्याचे ते लक्षण असू शकते. मग एको करून खात्री करतात.

अमेरिकेतील रोनाल्ड सेल्व्हेस्टर यांनी तर क्यूआरएस लाटांना गुण देण्याची पद्धतच बसवली. परीक्षेच्या पेपरसारखे एकेका बदलाला गुण द्यायचे. एक गुण म्हणजे डाव्या मोठ्या कप्प्याचा अंदाजे ३ टक्के भाग खराब. संशोधनात ही पद्धत बरीच वापरली गेली.

रोजच्या इलाजात मात्र नुकसान मोजायला टू-डी एको करतात. भिंतीचा कोणता भाग हलत नाही, आणि प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो, हे त्यात दिसते. या टक्केवारीला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. निरोगी माणसात ती साधारण ५५ ते ७० असते. रिपोर्टवर 'ईएफ ३५' लिहिलेले पाहून घरचे घाबरतात, कारण शाळेत ३५ म्हणजे काठावर पास. इथे १०० पैकी १०० कोणाचेच नसतात. पण ३५ म्हणजे पंप बराच कमजोर आहे, औषधे एक दिवसही चुकवायची नाहीत, हे पक्के.

इंजेक्शननंतरची दुसरी पट्टी आणि कुरखेडा ते नागपूरचा रस्ता

पेशंट आला की १० मिनिटांच्या आत पहिला ईसीजी व्हावा, असा जगभरचा नियम आहे. स्टेमी निघाला तर नळी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एक अँजिओप्लास्टी, दुसरा गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती उत्तम. होणार नसेल तर इंजेक्शनसाठी थांबू नये, असे हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आता आपला नकाशा बघा. कुरखेड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. वडसा, मग वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरी, आणि नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. कोरचीकडच्या गावातून निघालेल्या माणसाला आधी कुरखेड्यालाच यायला वेळ लागतो. पावसाळ्यात नाले भरले तर विचारायलाच नको. दोन तासांत नागपूरच्या कॅथलॅबमध्ये टेबलावर पोहोचणे जवळजवळ अशक्य. म्हणून आपल्यासाठी क्रम असा : जवळच्या सरकारी रुग्णालयात पट्टी, गरज असल्यास तिथेच इंजेक्शन, आणि मग पुढे रवानगी. 'इथे काही होत नाही, सरळ नागपूरला न्या' म्हणून खासगी गाडीत पेशंट घालून निघणे हा मोठा धोका आहे. वाटेत ठोक्यांची लय बिघडली तर गाडीत मशीनही नसते आणि डॉक्टरही नसतो.

इंजेक्शन १२ तासांच्या आत देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा फायदा सगळ्यात जास्त असतो. ते रक्तस्रावाचा धोका वाढवते. म्हणून आधी कधी लकवा मारला होता का, मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडे ऑपरेशन झाले का, पोटातून रक्त गेले का, हे न विचारताही डॉक्टरांना सांगावे.

इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी दुसरा ईसीजी काढतात. वर गेलेली एसटी निम्म्याहून जास्त खाली आली तर नळी उघडली असे मानतात. नाही आली तर पेशंटला तातडीने अँजिओप्लास्टीसाठी हलवावे लागते. आली तरी पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफी करून घेणे चांगले. म्हणजे पहिली पट्टी इंजेक्शनचा निर्णय देते आणि दुसरी घाईचा. पुढे पाठवताना या दोन्ही पट्ट्या, इंजेक्शनचे नाव आणि दिल्याची वेळ लिहिलेला कागद सोबत हवाच. तो आपण मागून घ्यावा.

या पद्धतीचा फायदा भारतातच दिसून आला आहे. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांना जोडून, ईसीजी दूरवर पाठवून इलाज करण्याचा प्रयोग झाला. २४२० पेशंटच्या त्या अभ्यासात एका वर्षातील मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातही सरकारी रुग्णालयांतून ईसीजी ऑनलाइन तज्ज्ञांकडे पाठवण्याचा स्टेमी प्रकल्प सुरू झाला आहे. आपल्या रुग्णालयात ही सोय आहे का, इंजेक्शन शिल्लक आहे का, हे ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

ईसीजीच्या मर्यादा

'पट्टी नॉर्मल आली, घरी जा' एवढ्यावर समाधान मानू नये. नळी अर्धवट बंद असेल तर पहिली पट्टी नॉर्मल येऊ शकते. त्रास चालू असेल तर काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा पट्टी काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी करतात. ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागतात, म्हणून तीही पुन्हा करावी लागते.

उलट बाजूही आहे. पट्टी खराब दिसली म्हणजे अटॅकच, असेही नाही. हृदयावरच्या आवरणाची सूज, जुना बीपी, वीजवाहक पट्ट्याचा अडथळा, काही तरुणांमधील जन्मजात ठेवण, यांतही एसटी वर दिसते. वायर चुकीच्या जागी लागली किंवा पेशंट थंडीने थरथरत असेल तरी रेषा बिघडतात.

काही अटॅक छातीत न दुखताच येऊन जातात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात एक चतुर्थांशाहून जास्त अटॅक नंतरच्या नेहमीच्या ईसीजीमध्येच सापडले. त्यातल्या बऱ्याच जणांना काही कळलेच नव्हते. डायबिटीस असलेल्यांनी हे खास लक्षात ठेवावे.

आपल्या अम्मी, खाला, फुफूंसाठी

स्त्रियांमध्ये छातीत दुखण्याऐवजी दम लागणे, जबडा किंवा पाठ दुखणे, उलटीची भावना, एकदम गळून जाणे अशी लक्षणेही असतात. 'गॅस झाला', 'कामाने थकली' म्हणून दिवस जातो. दुसरी अडचण संकोचाची. ईसीजीसाठी छातीवर वायर लावाव्या लागतात, म्हणून काही घरांत टाळाटाळ होते. नर्सताईंना सांगा, पडदा मागा, वरून ओढणी ठेवायला सांगा. हे सगळे होऊ शकते. पण महिला कर्मचारी नाही म्हणून पट्टीच नको, असे करू नये. जीव वाचवण्याच्या इलाजात दीन कुठेही आड येत नाही.

आपला जिल्हा आणि दिल

हार्ट अटॅक हा शहरी श्रीमंतांचा आजार, ही समजूत जुनी झाली. १९९५ मध्ये गडचिरोलीत आरोग्याचे काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षी हार्ट अटॅक आला. त्यावर त्यांनी लिहिलेले 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक अनेक घरांत आहे. त्यांच्या सर्च संस्थेच्या अभ्यासात गडचिरोलीच्या खेड्यांत साधारण सातपैकी एक मृत्यू लकव्याने होतो असे दिसले. लकवा आणि हार्ट अटॅक, दोन्हींची मुळे बरीचशी सारखीच : बीपी, तंबाखू, डायबिटीस. जगभरातील ५२ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना सुमारे ५९ व्या वर्षी. आपल्याकडे खर्रा पाहुण्याला सुपारीसारखा पुढे करतात. अटॅक येऊन गेलेल्या घरात तरी ती पुडी दिसू नये.

घरी काय करावे?

१. छातीत दाब, भरून आल्यासारखे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम : सोडा-इनो देत बसू नका. १०८ ला फोन करा. पेशंटला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. ॲस्पिरिन द्यायची का, हे फोनवरील डॉक्टरांना विचारा. ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

२. त्रास किती वाजता सुरू झाला, ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

३. जुनी पट्टी जपा. नवा बदल कोणता आणि जुना कोणता, हे तुलनेशिवाय कळत नाही. गुलाबी कागदावरची शाई उन्हाने आणि काळाने उडते, म्हणून झेरॉक्स काढा आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवा. फोटोत नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे.

४. डिस्चार्ज झाल्यावर शेवटची पट्टी आणि एकोचा रिपोर्ट मागून घ्या. पुढच्या तपासणीला तीच फाइल न्या.

५. हज किंवा उमराहला जाणाऱ्यांनी ईसीजी, एको आणि औषधांची यादी सोबत ठेवावी. रमजानमध्ये रोजा ठेवायचा का आणि गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे आधी डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला सवलत आहे. स्टेंट बसलेल्याने रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने कधीच बंद करू नये. स्टेंट पुन्हा बंद होऊ शकतो.

६. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे अनेक इलाज बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड फाइलमध्येच ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, दाखल होतानाच त्यांना भेटा.

अटॅकच्या पहिल्या तासात पट्टी निघाली तर ती स्नायू वाचवायला उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी निघालेली पट्टी बहुतेक वेळा झालेले नुकसान सांगते. मशीन तेच, कागदही तोच. फरक फक्त आपण घरातून किती वाजता निघालो याचा असतो.